आमच्या गावचा पब विक्रीला निघालाय

उंबरठा :

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एकुलत्या एका पबवर इस्टेट एजंटची पाटी लागली. गाव यॉर्कशरमध्ये, वस्ती हजाराच्या आत. पोस्ट आधीच गेलं, शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळली, आणि आता पब. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून इथे लिहायला बसलोय.

आधी एक सांगतो. मी माळकरी घरातला. दारू कधी घेतली नाही, आजही घेत नाही. १९९९ साली इथे आलो तेव्हा पब म्हणजे आपल्याकडचा बार, असंच धरून चाललो होतो. पहिली दोन वर्षं त्या दारावरून मान खाली घालून जायचो. मग एका जानेवारीत बर्फामुळे बस अडकली आणि थांब्यावर मी एकटा कुडकुडत उभा होतो. समोरून पब चालवणारी लँडलेडी आली आणि म्हणाली, "आत येऊन बस की. बस आली तर खिडकीतून दिसेल." बस काही आली नाही. रात्री साडेनऊपर्यंत मी शेकोटीजवळ बसलो, हातात लाइम-सोडा. दोन म्हाताऱ्यांनी डॉमिनोजच्या डावात ओढलं. निघताना ती म्हणाली, मंगळवारी क्विझ असते, आमच्या टेबलाला क्रिकेटमधलं कळणारं कोणी नाही, तू ये. त्या मंगळवारपासून त्या टेबलाचा चौथा गडी मी.

पब हे 'पब्लिक हाउस'चं लघुरूप आहे हे आपल्याला माहीत असतं. त्यातला 'हाउस' हा शब्द किती खरा आहे हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला ते खरंच कोणाचं तरी घर होतं. मध्ययुगात इंग्लंडच्या खेड्यांत एल, म्हणजे जवाची जुन्या पद्धतीची बिअर, बनवणं हे बायकांचं काम, आपल्याकडे दही लावावं तसं. तेव्हाच्या एलमध्ये हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी आणि ती टिकवणारी फुलं) नसत, त्यामुळे ती थोड्या दिवसांत आंबून जाई. घरापुरती ठेवून उरलेली विकून टाकावी लागे. ताजी एल तयार झाली की दारावर एक लांब काठी लावायची, टोकाला झुडपाची फांदी. काठी दिसली की शेजारीपाजारी यायचे आणि तिच्याच चुलीपुढे बसायचे. तेराव्या शतकात पाव आणि एल यांचे भाव व मापं बांधून देणारा कायदा आला. एल चाखून तपासणारे लोक नेमले गेले. त्यांना घर सापडावं म्हणून १३९३ मध्ये रिचर्ड दुसऱ्याने हुकूम काढला की एल विकणाऱ्याने बाहेर खूण लावलीच पाहिजे. लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून चित्रं आली. रिचर्डचं स्वतःचं चिन्ह पांढरं हरीण. 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आजही देशभर आहेत. 'रॉयल ओक' म्हणजे वूस्टरची लढाई हरल्यावर १६५१ मध्ये चार्ल्स दुसरा ज्या झाडात लपला ते झाड. गावोगावच्या या पाट्या म्हणजे इतिहासाचं उघड्यावरचं पुस्तकच आहे.

पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या सखल मुलखातून (आजचं नेदरलँड्स-बेल्जियम) हॉप्सवाली बिअर आली. ती टिकायची, लांब नेता यायची, म्हणून मोठ्या भांड्यांत मोठ्या भांडवलावर बनू लागली. तिथून बायकांच्या हातून हा धंदा सुटत गेला. १५५२ मध्ये परवाना सक्तीचा झाला, आणि घर कोणी चालवायचं हे न्यायाधीश ठरवू लागले.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती व्हिक्टोरियन पबच्या आतल्या रचनेची. १८३० च्या कायद्याने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून बिअर विकायची मुभा दिली. लोक जिन सोडून बिअरकडे वळावेत हा एक हेतू होता. दहा वर्षांच्या आत चाळीस हजारांवर बिअर-घरं उघडली, त्यातली कित्येक म्हणजे मजुराच्या घराची पुढची खोली. स्पर्धा इतकी की जुन्या परवानेवाल्यांनी पुढे आपल्या इमारती राजवाड्यासारख्या सजवल्या. नक्षीदार काच, महोगनीचं लाकूड, पितळी कठडे. आत मात्र एकच इमारत भिंती घालून तोडलेली. पब्लिक बारमध्ये मजूर, खाली फरशी, बिअर थोडी स्वस्त. सलूनमध्ये गालिचा आणि कारकून-दुकानदार. स्नग म्हणजे बाहेरून न दिसणारी छोटी खोली, जिथे बायका, कधी पाद्रीबाबाही, गुपचूप बसत. लंडनमध्ये मेडा व्हेलच्या 'प्रिन्स अल्फ्रेड'मध्ये काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरणाऱ्या काचेच्या झडपा आहेत. झडप लावली की ग्लास देणाऱ्याचा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. त्याच पबच्या लाकडी भिंतींत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला कमरेएवढी दारं आहेत. मी वाकून त्यातून गेलो तेव्हा अंगावर काटा आला. एका छपराखाली अख्खा वर्गभेद, आणि तरी सगळे एकाच पिंपातली बिअर पिणारे.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून वेळा आवळल्या. दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी तीनेक तास, बस. त्याआधी लंडनचे पब पहाटे पाचला उघडत. दुसऱ्याला पाजण्यावरही बंदी आली, म्हणजे आळीपाळीने सगळ्यांसाठी 'राउंड' घेण्याची जी पद्धत आहे तीच गुन्हा ठरली! युद्ध संपलं, पण दुपारची सक्तीची बंदी १९८८ पर्यंत टिकली. वेळ भरत आली की लँडलॉर्ड पितळी घंटा वाजवतो आणि 'टाइम, जंटलमेन, प्लीज' म्हणतो, ती हाक याच शिस्तीत पक्की झाली.

२००० साली देशात साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. बंद पडलेल्यांत आमच्या पबची भर पडू नये एवढीच इच्छा आहे. इथे कोणाला गावाने पब विकत घेतल्याचा अनुभव आहे का?

*

रानजाई :

उंबरठा, मनापासून लिहिलंयत. पण मला थोडं खटकलं तेही मनापासूनच सांगते. माझी आजी गिरणगावातली, चाळीतली. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या फाटकाशी का उभ्या राहायच्या हे तिने मला सांगितलंय. इंग्लंडमधल्या बायकांच्या वाट्यालाही हेच आलं असणार. त्या घरातल्या शेकोटीची ऊब ज्यांच्या घरची चूल विझवून आली, त्यांचं काय?

*

उंबरठा :

रानजाई, तुमचं खरं आहे आणि ते मी लिहायला हवं होतं. इथे तर मजुरांचा पगारच पबमध्ये वाटला जाई. मुकादम आणि पबवाला यांचं साटंलोटं, सुट्टे पैसे करायच्या निमित्ताने शनिवारी रात्री सगळ्यांना तिथे थांबवायचं, तोवर उधारी चढलेली. १८८३ मध्ये पबमध्ये पगार वाटायला बंदी करणारा कायदा करावा लागला. लहान मुलांना जग घेऊन बिअर आणायला पाठवत. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या पोराच्या हाती फक्त बूच मोहरबंद केलेली बाटली द्यायची परवानगी राहिली, म्हणजे वाटेत घोट घेता येऊ नये. मद्यपानविरोधी चळवळ इथे हवेतून आली नव्हती, त्या बायकांच्या हालांतून आली.

पण त्याच खोल्यांत दुसरंही घडत होतं. मजुरांना भाड्याने सभागृह मिळत नसे, म्हणून कामगार संघटना, आजारपणाच्या भिशा, मयताचा फंड, सगळं पबच्या माडीवर भरायचं. फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये लंडनच्या एका टॅव्हर्नमध्येच जन्मली. कोणी संशयास्पद मेलं तर कॉरोनरची चौकशीही पबमध्ये होई, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नसे. १९३० च्या दशकाच्या शेवटी मास ऑब्झर्वेशन या लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या लोकांनी बोल्टनच्या पबमध्ये बसून वही-पेन्सिल घेऊन नोंदी केल्या. घर आणि कामाची जागा सोडली तर तिथली माणसं सर्वात जास्त वेळ पबमध्ये घालवतात, असं त्यांना दिसलं.

*

भट्टीकर :

मी वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो, ब्लॅक कंट्रीत, म्हणजे जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यात. उंबरठा यांनी भिंतींचं लिहिलंय, त्यात एक भिंत राहिली. रंगाची.

पन्नास-साठच्या दशकांत इथल्या ओतशाळांत पंजाबी माणसं आली. वितळलेल्या लोखंडाशेजारी दहा-बारा तास काम. शिफ्ट सुटली की घसा कोरडा, आणि पबच्या दारात 'या खोलीत तुम्हाला देत नाही' हे उत्तर. इथल्या स्मेदिक गावात तर हे उघड चालायचं. बारमध्ये कोपऱ्यात उभं राहा, लाउंजमध्ये यायचं नाही. १९६४ च्या निवडणुकीत याच स्मेदिकमध्ये काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध विष पेरून एक उमेदवार निवडून आला. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल, स्वतः ओतशाळेतले कामगार, यांनी हा रंगभेद उघडा पाडायचं ठरवलं. आधी गोरे विद्यार्थी आत जात आणि त्यांना पिंट मिळे. मागोमाग भारतीय कामगार जात आणि नकार मिळे. तो नकार साक्षीदारांसमोर नोंदवायचा आणि परवान्याच्या नूतनीकरणाला विरोध करायचा. डोकं शांत ठेवून केलेली लढाई होती ती.

१२ फेब्रुवारी १९६५ ला त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना स्मेदिकला आणलं. मार्शल स्ट्रीटवर ते चालले, कारण तिथली रिकामी घरं फक्त गोऱ्यांना द्यायची मागणी चालू होती. मग 'ब्लू गेट्स' या पबमध्ये गेले, तिथे एका खोलीत त्यांना नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पबमध्ये रंगावरून नाकारणं बेकायदा ठरलं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. ज्यांना लाउंजमध्ये बसू देत नव्हते त्यांनीच पब चालवायला घेतले. वेस्ट ब्रॉमिच, स्मेदिकमध्ये जे पब बंद पडायच्या बेतात होते ते पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. एका बाजूला तळघरातल्या पिंपातून हातपंपाने ओढलेली बिअर, दुसऱ्या बाजूला तव्यावर चुरचुरणारं मिक्स ग्रिल: कोंबडी, सीख, कांदा, लिंबू. इथे त्यांना 'देसी पब' म्हणतात. वेस्ट ब्रॉमिचच्या 'रेड लायन'मध्ये एक रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यात या माणसांचा सगळा प्रवास चितारलाय. चर्चमध्ये संतांची असते तशी. शनिवारी तिथे जाऊन बघा. पगडीवाले आजोबा, अल्बियन या इथल्या फुटबॉल क्लबचे टी-शर्ट घातलेले गोरे, लेकी-सुना, सगळ्यांच्या टेबलावर तोच मिक्स ग्रिल. साउथॉलला 'ग्लासी जंक्शन' होता, तिथे तर रुपये चालायचे. तो २०१२ मध्ये बंद झाला.

*

मुक्ताफळे :

भट्टीकर, या प्रतिसादाचा वेगळा लेख करा, कृपया.

दाराशी अडवल्या गेलेल्यांत बायकाही होत्या, तेवढी भर घालते. लंडनला फ्लीट स्ट्रीटवर 'एल व्हिनो' हा पत्रकार-वकिलांचा वाइन बार. पब नव्हे, पण रीत तीच. बायकांनी काउंटरशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं आणि तिथे आणून देतील ते घ्यायचं. टेस गिल आणि ॲना कूट या दोघी कोर्टात गेल्या. १९८२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की हा भेदभाव आहे. १९८२! काउंटरशी उभं राहण्यात काय एवढं, असं कोणाला वाटेल. पण बातम्या, ओळखी, पुढची कामं, सगळं त्या काउंटरशी ठरत होतं.

*

गोदाकाठ :

धागा वाचनखूण म्हणून साठवला. दोन गोष्टी.

एक, कोणी नॉटिंगहॅमला जाणार असेल तर 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'च्या भिंतीवर '११८९' रंगवलेलं दिसेल. सेंट ऑल्बन्सचा 'फायटिंग कॉक्स'ही सर्वात जुना असल्याचं सांगतो. दोन्ही दाव्यांना कागदपत्रांचा आधार नाही. नॉटिंगहॅमची इमारत सतराव्या शतकातली आहे. पण मागच्या खोल्या किल्ल्याखालच्या खडकात कोरलेल्या आहेत, तेवढ्यासाठी जरूर जा.

दोन, मुंबईचा संबंध. इंडिया पेल एल खास भारतासाठी शोधून काढली ही दंतकथा. फिकट, हॉप्सचा हात सढळ असलेली बिअर इंग्लंडमध्ये आधीच होती. लंडनच्या बो भागात हॉजसन नावाची भट्टी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ. कप्तान तिथून पिंपं भरून घेत आणि मुंबई-कलकत्त्याला विकत. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या भट्ट्यांनी तो व्यापार ओढून घेतला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उतरतो. सहा महिने तळघराऐवजी समुद्रावर हिंदकळत मुरलेली ही बिअर नंतर इंग्लंडच्या पबांतही लोकप्रिय झाली.

*

कोकणकडा :

लेस्टरला शिकत असताना दोन वर्षं पबमध्ये काम केलंय. तळघराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

खरी पारंपरिक बिअर पिंपात जिवंत असते, म्हणजे तिच्यात यीस्ट काम करत असतं. फर्किन म्हणजे नऊ गॅलन, बहात्तर पिंट. पिंप आडवं लाकडी घडवंचीवर ठेवायचं आणि हलवायचं नाही. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी मारायची, गॅस हळूहळू निघून जाऊ द्यायचा. फेस यायचा थांबला की कडक खुंटी. मग पुढच्या तोंडात नळ, लाकडी हातोड्याने एकाच ठोक्यात. दुसरा ठोका लागला तर बिअर छातीवर! गाळ खाली बसावा म्हणून आयसिंगग्लास घालत. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. मी पालघरकडचा, घोळ माशाच्या त्या पिशवीला आमच्याकडे केवढा भाव असतो हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे डबा वाचून चकित झालो होतो. तापमान अकरा ते तेरा अंश. पिंप उघडलं की तीन दिवसांत संपलं पाहिजे.

हे तीन दिवस महत्त्वाचे. जिवंत बिअर विकायची तर रोजची माणसं हवीत. म्हणून साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळून, तापवून, गॅस भरलेली केग बिअर आणली. ती कितीही दिवस राहते. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार तरुणांनी 'कॅमरा' ही मोहीम सुरू केली. ती नसती तर हातपंप आज संग्रहालयात बघावे लागले असते.

उंबरठा, तुमचा पब कंपनीचा आहे का?

*

उंबरठा :

हो, कंपनीचा. भाडेकरारात 'टाय' आहे. म्हणजे बिअर त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावाने घ्यायची. बाहेर स्वस्त मिळत असली तरी नाही. आधी हे भट्टीवाले करत, सहा मोठ्या कंपन्यांकडे हजारो पब होते. १९८९ मध्ये सरकारने त्यांच्यावर मर्यादा घातली, तर त्यांनी पब विकले आणि ते नव्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले. त्यांना बिअरशी देणंघेणं कमी, जागेच्या किमतीशी जास्त. आमची शेवटची लँडलेडी आठवड्याला सत्तर तास राबायची. भाडं आणि बिअरचं बिल देऊन तिच्या हाती जे उरायचं ते तिने एकदा कागदावर मांडून दाखवलं. मला बोलवेना.

*

पिंपळपार :

मी दक्षिण लंडनमध्ये नन्हेडजवळ राहतो. 'आयव्ही हाउस' आमच्या भागातला. २०१२ मध्ये तो बंद पडून फ्लॅट होणार होते. २०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात नवी तरतूद आली होती, लोकांच्या उपयोगाची वास्तू म्हणून पबची नोंद करायची. अशी नोंद झालेला देशातला हा पहिला पब. नंतर आजूबाजूच्यांनी समभाग घेऊन आणि कर्ज उभारून तो विकत घेतला. कम्ब्रियात हेस्केट न्यूमार्केटच्या 'ओल्ड क्राउन'ने हे त्याआधीच, २००३ मध्ये, सहकारी पद्धतीने केलं होतं. आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखं समजा. भाग कितीही घ्या, मत एकच.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. स्थानिक परिषदेकडे (काउन्सिलकडे) नोंदीचा अर्ज करा. संस्था नसेल तरी चालतं, गावातल्या एकवीस मतदारांचा गट पुरतो. मात्र उशीर नको. नोंद झाल्यावर मालकाने विकायला काढलं तर सहा आठवड्यांत इरादा कळवायचा, मग एकूण सहा महिने तो दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही. मालकावर तुम्हालाच विकायची सक्ती मात्र नाही, हे सभेत स्पष्ट सांगा, नाहीतर लोकांचा नंतर हिरमोड होतो. आणि २०१७ पासून इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पब पाडता येत नाही, वापरही बदलता येत नाही.

धीर सोडू नका. किलबर्नचा 'कार्ल्टन टॅव्हर्न' बॉम्बवर्षावात वाचला होता. २०१५ मध्ये मालकाने परवानगी न घेता तो बुलडोझरने पाडला. लोक गप्प बसले नाहीत. परिषदेने 'होता तसाच परत बांधा' असा आदेश काढला. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या लोकांनी आधीच आतल्या नक्षीचे साचे आणि फोटो घेऊन ठेवले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उघडला. बाहेर रांग लागली होती.

*

रानजाई :

हे वाचून बरं वाटलं. माझा आक्षेप आहे तिथे आहे. पण गावाच्या मालकीचा असेल तर पुढच्या खोलीत दिवसा पोस्टाचा काउंटर किंवा छोटं दुकान चालेल का? तसं झालं तर माझी आजीसुद्धा आत गेली असती.

*

उंबरठा :

रानजाई, हाच मुद्दा मी शुक्रवारच्या सभेत तुमचं नाव न घेता मांडला आणि सगळ्यात जास्त माना त्यालाच डोलल्या. सकाळी पोस्ट आणि पाव-दूध, दुपारी म्हाताऱ्यांसाठी गरम जेवण, संध्याकाळी बार.

सभा चर्चच्या हॉलमध्ये झाली. बाहेर पाऊस, तरी खुर्च्या कमी पडल्या. पिंपळपार, एकवीस सह्या हव्या होत्या, त्रेसष्ट झाल्या. मला ज्यांनी बर्फाच्या रात्री डॉमिनोजला ओढलं होतं, त्यातले एक आजोबा आता हयात नाहीत. दुसरे एक्याण्णव वर्षांचे आहेत. ते सही करायला उठले तेव्हा मी कागद त्यांच्याकडे न्यायला निघालो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि काठी टेकत टेबलापर्यंत स्वतः आले.

अर्ज सोमवारी जातोय. कोकणकडा, तळघर थंड ठेवायचं यंत्र आठ महिने बंद आहे आणि भिंतीला ओल आलीये. नवं बसवायचं की दुरुस्त करायचं यावर समितीत दोन मतं आहेत. तुम्हाला फोटो खाजगी निरोपात पाठवतो, बघून सांगा.